थापट्या आणि मेथीची टोपली

दसरा झाला की आमच्या तळ्यावर बदकं उतरतात. काठाला लागून आमची मेथी. सकाळी मी अन् बायको खुडायला बसायचो. पाण्यावर नवा थवा दिसला की कोणतं बदक ते सांगायचं, अन् चुकेल त्यानं मेथीची टोपली डोक्यावर घरी न्यायची. बायको रिकाम्या हातानं पुढं, मी टोपली घेऊन मागं, असं गावानं जन्मभर पाहिलं. लोक हसले. हसू द्या. तिच्यासारखी नजर तालुक्यात कोणाची नव्हती.

"अजी, डोये हायेत का बटनं?" ती म्हणायची. "रंग काऊन पाह्यता? दिवाळीच्या आत नरही मादीचंच लुगडं नेसून राह्यते. तोंड पाहा त्याचं. खाते कसं ते पाहा."

उन्हाळ्यात ती गेली. लुगडी वाटली, भांडी वाटली. नजर काही वाटता येत नाही. मले ती थोडी तरी आली का नाई, हे थवा उतरल्याशिवाय कळणार नव्हतं.

दिवाळीच्या आधी पोरगी हिंगणघाटहून आली. दुसऱ्या दिवशी दोघं मेथीत बसलो, तर पाण्यावर मातकट थवा.

"हळदी-कुंकू हाय, बाबा," ती म्हणाली. चोचीला पिवळं टोक अन् कपाळाशी लाल टिकली असते, त्या बदकाला आम्ही हळदी-कुंकू म्हणतो.

मी रंग सोडला, तोंड पाहिलं. चोच उलथन्यासारखी रुंद. ती पाण्याला टेकवून बदकं पाणी चाळत चालली होती.

"थापट्या," मी म्हणालो.

"नाई जी, बाबा!"

तेवढ्यात एकानं पाण्यावर उठून पंख झाडले. खांद्यावरचा फिका निळा रंग उन्हात लख्ख दिसला. थापट्याच.

पोरगी माझ्याकडं पाहतच राहिली. "आईवानी बोलून राह्यले तुमी."

"मंग? शिकवलं कोणं? तुह्या मायनंच."

हरली म्हणून तिनं टोपलीला हात घातला. मी उचलू दिली नाही. डोक्यावर घेतली अन् निघालो.

पारावर माझ्या वयाचा शेजारी बसला होता. "काय गा बुड्या, आजही हरला का?"

"नाई. आज जितलो," मी म्हणालो, अन् टोपली सावरून मान ताठ ठेवून घराकडं गेलो.