शुद्ध बोलण्याची घरपट्टी

फिलूबाईंच्या फाटकाशी उभं राहून कुणी "बाई, आसात काय घरात?" अशी हाक मारली, की आतून ठणठणीत उत्तर यायचं, "आसात नाहीत. 'आहात का' असं विचारलंस तर आहेत." मग आपण गुमान शुद्ध मराठीत पुन्हा हाक मारायची, तेव्हा कुठे कडी निघायची. यात लहानमोठा असा भेद नव्हता. टपाल घेऊन येणारा पोस्टमन असो की खुद्द सरपंच, सगळ्यांना तोच नियम. एकदा मासेवाली दारात पाटी उतरून म्हणाली, "बाई, बांगडे होये काय?" बाई म्हणाल्या, "होये नव्हे गं. 'हवेत का' असं विचार." मासेवाली खवचट. ती म्हणाली, "हवेत नाय बाई, पाटयेत आसत!" त्या दिवशी बाईंनी बांगडे घेतले नाहीत. आम्ही मात्र पुढे महिनाभर हसत होतो.

त्यांचं पूर्ण नाव फिलोमिना. आमच्या वाडीच्या मराठी शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं, त्या मुलांतला मी एक. घर आमच्या कुंपणाला लागून. नवरा बोटीवर होता, तो लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला. मूलबाळ नाही. पगारातून पै पै साठवून बाईंनी जांभ्या दगडाचं कौलारू घर बांधलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन पुरेना म्हणून त्या घराच्या पडवीत शिलाईचं मशीन मांडलं होतं. देवाशी त्या कोकणीत बोलायच्या. देवाला तेवढी सूट होती. बाकी सगळ्या जगाने प्रमाण मराठीत बोलावं, असा त्यांचा हट्ट. "गबाळं बोललास की माणसं तुला गबाळा समजतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाई हुशार होत्या, पण या एका बाबतीत त्यांच्याइतकं आडमुठं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण माझी तेवढी छाती नव्हती.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकता वेगळा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नवे छापील कागद. त्या धामधुमीत सगळ्या वाडीच्या घरांची नव्याने आकारणी करायची ठरली आणि तालुक्याहून एक कारकून आला. पोरगा मुंबईत चाळीत वाढलेला, पांढरी पँट, एप्रिलच्या उन्हाने जीव मेटाकुटीला आलेला. घराघरात जाऊन तो विचारायचा, "वर काय आहे?" आमच्या घरी माझी आई म्हणाली, "माळो." त्याला कळेना. "माळो म्हणजे?" "लाकडां ठेवतों, सोडणां ठेवतों, आणि काय? वर चडान बघ." सोडणं म्हणजे नारळाची सालं. पांढरी पँट घालून तो कशाला चढतोय! त्याने 'अडगळ' असं लिहिलं आणि पुढे गेला. सगळ्या वाडीत हेच झालं.

फिलूबाईंनी त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. सरकारी माणूस दारात आलाय म्हटल्यावर त्यांची भाषा आणखी दोन पायऱ्या वर चढली. "वर काय आहे?" "वर माळा आहे." "कशासाठी वापरता?" "सामान ठेवते." माळो हा शब्द बाईंनी घासूनपुसून शुद्ध केला होता, आणि मुंबईच्या पोराला माळा हा शब्द चांगलाच ठाऊक होता. त्याच्या लेखी पहिला माळा, दुसरा माळा, तिसरा माळा. त्याने जबाब लिहिला, 'वर एक माळा, सामाना साठी'. बाईंनी चष्मा लावून तो वाचला. 'सामानासाठी' हा एकच शब्द आहे, तो तोडून लिहीत नाहीत, म्हणून दुरुस्ती केली, आणि खाली झोकदार सही ठोकली.

पावसाआधी नोटिसा आल्या. फिलूबाईंच्या नोटिशीत लिहिलं होतं, 'दुमजली इमारत, वरचा मजला गोदाम'. पट्टी थेट दुपटीवर. मुदतीत भरली नाही तर जप्ती. त्या घरात जप्त करण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे पडवीतलं मशीन, आणि मशीन गेलं की बाईंचा संसारच बसला.

वाडी हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. नाक्यावरचा चहावाला दाजी तर ओरडूनच म्हणाला, "बाई, आमी अशुद्ध, म्हणान वाचलों!" बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक पंचायतीत गेल्या. तिथल्या ग्रामसेवकाने जबाबाचा कागद पुढे केला. "बाई, माळा हा शब्द तुमचाच. सही तुमची. वर दुरुस्तीसुद्धा तुमच्याच अक्षरात आहे. न वाचता सही केली असं तरी म्हणता येईल का?" मग तो मवाळ होऊन म्हणाला, "या वर्षी भरून टाका. पुढच्या आकारणीत बघू." बाई म्हणाल्या, "जो मजला माझ्या घराला नाही, त्याची पट्टी मी या वर्षीही भरणार नाही आणि पुढच्याही वर्षी भरणार नाही. अपील कुठे करायचं ते सांगा."

मी तेव्हा कुडाळला हायस्कुलात नोकरीला होतो. मशीन जाईल या धास्तीने मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "बाई, वरची रक्कम मी भरतो. मिटवून टाकू." तशा संतापलेल्या बाई मी शाळेतही पाहिल्या नव्हत्या. "वसंता, तू भरलीस तर मी खोटारडी ठरते. मजला लपवून ठेवणारी आणि पकडली गेल्यावर पैसे टाकणारी! मशीन नेऊ देत. हाताने शिवेन." मी शेपूट घालून घरी आलो. पण खरं सांगतो, त्या रात्री मला त्यांचा अभिमान वाटला.

तालुक्याला सुनावणी लागली. एस.टी.ने मी त्यांच्याबरोबर गेलो. अपील ऐकणारे साहेब घाटावरचे, चांगले उंचेपुरे, बोलायला सभ्य. बाईंनी सुरुवात अगदी शाळा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर करावी तशी केली. "महोदय, माझ्या निवासस्थानी जो माळा आहे..." साहेबांनी मध्येच हात वर केला. "म्हणजे माळा आहे, हे तुम्हाला मान्य आहे. मग प्रश्न कुठे उरतो? तुम्ही शिक्षिका. शब्दाचा अर्थ मी तुम्हाला काय सांगणार!" आणि त्यांनी पेन उचललं.

मला वाटलं, संपलं. मशीन गेलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि तीस वर्षांत त्यांच्या तोंडून जे मी ऐकलं नव्हतं ते त्या भर कचेरीत बोलल्या.

"सायबानू, माझ्या घराक माळा नाय. माळो आसा."

साहेब गोंधळले. "बाई, शुद्ध मराठीत सांगा. नोंद घ्यायची आहे."

"शुद्ध बोललंय म्हणानच घरार मजलो चडलो!" बाईंचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे कारकून माना वळवून बघू लागले. "आता जां आसा तांच लिवा. मजल्याक जिनो आसता, माळ्याक निसण. मजल्यार माणूस रवता, माळ्यार लाकडां आणि उंदीर. मजल्यार माणूस उबो रवता, माळ्यार वाकता. तुमी येवा माझ्या घरा. वर चडा, आणि सरळ उबे रवान दाखवा. रवलात तर दुप्पट सोडा, चौपट भरतंय. नाय रवलात तर मी एक पैसो जास्ती भरूचंय नाय. काय जप्त करूचां तां करा!"

कोपऱ्यातला शिपाई आमच्याच बाजूचा. त्याने "बरोबर आसा, सायेब," म्हणून टाकलं आणि स्वतःच घाबरला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं मोठेपण असं की ते रागावले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. येतो."

आणि पुढच्या आठवड्यात ते खरोखर आले. अख्खी वाडी बाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जमली होती. निसण म्हणजे आमची बांबूची शिडी, ती दाजीने घट्ट धरली. साहेब बूट काढून चढले, अंधारात दिसेनासे झाले. मग वाशावर 'ठक्' असा आवाज आणि "आई गं!"

खालून बाईंनी विचारलं, "सायबानू, खंयच्या मजल्यार लागलां?"

हशा असा फुटला की कुंपणावरची कोंबडी उडाली. साहेब कोळिष्टकं झाडत उतरले तेव्हा तेही हसत होते. खळ्यातच बसून त्यांनी निकाल लिहायला घेतला. "याला शुद्ध मराठीत पोटमाळा म्हणतात. तसं लिहितो." बाई म्हणाल्या, "पोटमाळो मुंबैक. हय माळो. परत कोण शाणो येतलो आणि पोट खोडून माळा तेवढो ठेवतलो." साहेबांनी कपाळ चोळलं आणि लिहिलं, 'घर एकमजली. वर माळो, राहण्यास अयोग्य. पट्टी पूर्वीप्रमाणे.' सरकारी दप्तरात हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच गेला असेल, अशी माझी खात्री आहे.

बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या मशीनवर बसून शिवत होत्या, आणि ज्याला जसं बोलायचं तसं बोलू देत होत्या. वाडीतली माणसं अजून साहेबांच्या टेंगळाची गोष्ट सांगतात. मला मात्र त्याच दिवशीची संध्याकाळ आठवते. माणसं पांगली होती, आणि बाई पडवीत मशीनच्या स्टुलावर बसल्या होत्या. जिंकलेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या.

"वसंता," त्या म्हणाल्या, "वर्गात मी तुका मारलेलंय काय रे?"

"मारलात, बाई."

"खंयच्या शब्दाक?"

माझ्या तळहाताला तो शब्द पक्का आठवत होता. दुसरीत होतो. तहान लागली होती आणि मी पाणी मागितलं होतं, 'मला'ऐवजी 'माका' म्हणून.

"आता आठवत नाय, बाई," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"खोटां बोलतंस," त्या म्हणाल्या. "पण बरां बोलतंस."