विंच लावण्याची चुकीची पद्धत

आमच्या ह्यांना दुसऱ्याची चूक सहन होत नसे. सदाशिव पेठेत हा आजार मानत नाहीत. पंगतीत लिंबाची फोड जागा सोडून पडली तर वाढप्याला परत बोलावणारा माणूस! तर दिवाळीत त्यांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, बोलणं थांबलं आणि डॉक्टर म्हणाले, "घसा ठीक आहे, बोलत राहा त्यांच्याशी," तेव्हा मी मनात म्हटलं, नुसतं बोलून हे काय उत्तर देणार? चुकायला हवं.

मग मी चुकत सुटले. आमटीत गूळ घातला नाही. पेपर वाचताना कोल्हापूर विदर्भात नेऊन ठेवलं. लिंबू मुद्दाम उजवीकडे वाढलं. ते गिळत राहिले आणि खिडकीकडे बघत राहिले. आमटी तर मलाच गिळवेना.

शेवटी मला विंच आठवला.

आमच्याकडे एकेकाळी जीप होती. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी अशा बोळात जीप! तिच्या नाकाडावर विंच, म्हणजे ड्रमवर गुंडाळलेली लोखंडी वायर. गाडी रुतली की वायरचं टोक लांबच्या झाडाला अडकवायचं आणि ड्रम फिरवायचा. गाडी स्वतःला ओढत बाहेर येते. रविवारी आम्ही पानशेतच्या पलीकडे चिखल शोधायला जायचो. घरात फरशीवर थेंब सांडलेला ह्यांना चालत नसे, तो माणूस!

आणि बरोबर मी. चाळिशीची, डोळ्यांवर नवा गॉगल, ओढणी वाऱ्यावर सोडून फिरत्या ड्रमजवळ उभी. ह्या बाईची मला आता दया येत नाही, हसूच येतं. इतर बायका पाटल्या मागत, हिला एक शब्द हवा होता. विंच आपण एकटीनं लावावा आणि ह्यांनी म्हणावं, "बरोबर." ह्यांची कौतुकाची कमाल मर्यादा "चालेल" इथं संपत असे, हे माहीत असूनही.

पहिल्या वेळी तिनं वायर थेट खोडाभोवती फिरवली आणि हूक त्याच वायरला अडकवला. ह्यांनी वाकून पाहिलं.

"शाबास. झाडही कापायचंय आणि वायरही?"

"मग कशी लावू?"

"खोडाला रुंद पट्टा बांध, खाली, बुंध्याशी. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कडी, कडीला हूक. आणि हातमोजे घाल, वायरच्या कुसळांना तुझ्या मेंदीचं कौतुक नाही."

मग वायरच्या मधोमध टाकायला त्यांनी माझ्या आईची गोधडी मागितली. ताणलेली वायर तुटली तर चाबकासारखी उसळते. वर जड कापड असलं तर ती खाली पडते.

"आईची गोधडी चिखलात?"

"आईंना फोन करून विचार. गोधडी हवी की मुलगी?"

गोधडी गेली चिखलात. तरी ही बाई थर्मास घेऊन निघाली, वायर ओलांडून त्यांना चहा द्यायला. ते एवढ्या जोरानं ओरडले की झाडावरचे बगळे उडाले. "ताणलेली वायर ओलांडायची नाही! कधीच नाही! चहा उरेल, तू उरायची नाहीस!"

पुढे ती सगळं शिकली. एकदा तर तिनं पट्टा, कडी, गोधडी सगळं चोख लावलं, ओढणी कमरेला खोचली आणि लांब जाऊन उभी राहिली. ते सगळीकडे फिरून आले.

"गोधडी उलटी टाकलीस."

खडकवासल्यापर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. वेडी कुठली.

जीप केव्हाच विकली. परवा दुपारी मी गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडून आणली आणि त्यांच्या पलंगासमोर बसले.

"अहो, बघा हं. ही व्हीलचेअर म्हणजे जीप. कपाटाचा पाय म्हणजे झाड. आता मी विंच लावते."

ते बघायला लागले. खिडकी सोडून, माझ्या हातांकडे.

मी दोरी थेट कपाटाच्या पायाला गुंडाळली, पट्टा नाही. टोक दोरीवरच अडकवलं. हातमोजे नाहीत. गोधडी त्यांच्या पायांवर होती, ती तिथंच राहू दिली. दुसरं टोक व्हीलचेअरला बांधून दोरी ताणली. मग निऱ्या वर धरल्या आणि ह्या गुडघ्यांनी, कपाटाला धरून, ती ताणलेली दोरी ओलांडली. वाटेत थांबले. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आता तरी ओरडा.

"कसं लावलंय?" मी विचारलं.

त्यांचे ओठ हलले. डाव्या बाजूनं, सावकाश.

"बरोबर."

"अहो, नीट बघा. पट्टा कुठाय? मी कुठं उभी आहे?"

त्यांनी पुन्हा बघितलं. झाडाकडे, जीपकडे, माझ्या पायांकडे. आयुष्यात कधी बघितलं नव्हतं इतक्या मायेनं.

"बरोबर," ते म्हणाले.