घासलेली नाणी

टेलिफोन दुरुस्तीच्या कारखान्यात त्याला सगळे नाणेमास्तर म्हणत. शहरभर भिंतींवर टांगलेले, नाणं टाकून बोलायचे फोन त्याच्याकडे होते, आणि त्यांच्या पोटातला नाणी पारखणारा भाग दुसऱ्या कुणी उघडलेला त्याला खपत नसे. आधीची मशीनं नाण्याचं वजन आणि आकार तेवढा बघायची, त्यांना कुणीही शेंबडं पोर गंडवी. मग विजेवरची आली. खाचेतून सुटलेलं नाणं तारेच्या दोन कॉइलींमधून घसरत जाई, तेवढ्यात तिथल्या विजेत बारीकसा फरक पडे, आणि त्यावरून मशीनला नाण्याचा धातू, जाडी, रुंदी सगळं कळे. पटलं तर आत, नाही तर खालच्या वाटीत परत.

पण ही अक्कल मशीन जन्मतः घेऊन येत नाही. ती शिकवावी लागते. आतलं एक बटण दाबायचं आणि खरी नाणी एकामागून एक सोडत राहायची. त्यात नवी हवीत तशी झिजलेलीही हवीत. नुसती नवी दाखवली तर मशीन लाडावलेल्या पोरासारखं होतं, जरा झिजकं नाणं आलं की थुंकून टाकतं. म्हणून मास्तर कापडी पिशवीत दोन्ही बाळगी, आणि त्यातली झिजलेली नाणी त्याच्या आईच्या डब्यातली असत.

आईचं बटणांचं दुकान होतं. गल्ल्यात आलेलं प्रत्येक नाणं ती विटेच्या भुकटीनं घासून, धुऊन, फडक्यावर वाळवून मगच डब्यात टाकी. "पैसा म्हणजे हाताचा मळ असं तुम्हीच म्हणता ना? मग मळ धुवायला नको?" असं वर विचारी. दुकान बंद झालं, पण घासणं थांबलं नाही. डब्यातली तीच ती नाणी ती पुन्हा पुन्हा घाशी. त्यांच्यावरचे आकडे कधीच पुसट झाले होते आणि कडा गुळगुळीत. सून वैतागून म्हणायची, "आणखी थोडे दिवस थांबा, पलीकडचं दिसायला लागेल." सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, त्यात नवल काही नव्हतं.

एकदा स्वयंपाकघरातली मोरी विटेच्या भुकटीनं तुंबली आणि सून नको ते बोलली. आईनं मुलाकडे पाहिलं. मास्तर खिडकीपाशी एक स्क्रू साफ करत बसला होता. तो साफच करत राहिला. दोन बायकांच्या मध्ये बोलून कुणाचं भलं झालंय, असा त्याचा हिशेब. आई म्हणाली, "माझंच नाणं खोटं, परक्याच्या पोरीला काय बोलायचं?" आठवड्याच्या आत ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायला गेली. जाताना त्याच्या पिशवीतली आपली नाणीसुद्धा मागून घेतली.

"मी बोलावीन तेव्हा ये," तिनं बजावलं होतं. तोवर ती दर रविवारी सकाळी आश्रमातल्या फोनवरून घरी फोन करी, आणि तोही स्वतःच्या नाण्यांनी.

"जेवलास?"

"अजून नाही. सकाळ आहे, आई."

"ती बरी आहे?"

"आहे."

"बरं."

एवढंच बोलणं. पण त्या फोनपायी मास्तर रविवारी दाढीसुद्धा घाईघाईनं उरकी. खोट्या नाण्याचा तो शब्द त्याच्या मनात काट्यासारखा रुतला होता, आणि आईनं एकदा 'ये' म्हटल्याशिवाय तो निघणार नव्हता. शेवटच्या फोनवर मात्र ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते, कधी यायचं ते." मास्तर दिवसभर शीळ घालत हिंडला. बायकोसुद्धा म्हणाली, "त्या आल्या परत तर मोरीला जाळी बसवून घेऊ."

नेमक्या त्याच आठवड्यात फोनच्या पेट्यांमधून लोखंडी वॉशर निघाले. कुणीतरी ते बरोबर मापात कापून फुकट बोलत होतं. कारखान्यात हसू पिकलं. "मास्तरांच्या मशीनला हल्ली लोखंड पचतं," एकजण म्हणाला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, तो तिरीमिरीत उठला. शहरातलं एकेक मशीन उघडून त्यानं पुन्हा शिकवायला घेतलं, आणि कसर म्हणून ठेवली नाही. जेवढ्या फरकाला पूर्वी मुभा होती, ती पार आवळून टाकली. पिशवीत होती ती नवी नाणीच होती. झिजलेली कुठून तरी जमवायला हवीत हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण रागावलेल्या माणसाला धीर कुठला?

आश्रमाचा फोन व्हरांड्यात होता आणि त्याच व्हरांड्याच्या टोकाला आईची खोली. दुपारची वेळ, दार लोटलेलं. मास्तरनं काम उरकलं, झाकण लावलं, नवं नाणं टाकून पाहिलं, लोखंडाचा तुकडा टाकून पाहिला. एक आत गेलं, दुसरा बाहेर आला. त्याला मनापासून बरं वाटलं. दाराकडे दोनदा पाहून तो निघून गेला. न बोलावता गेलो तर पुन्हा काही ऐकवेल, रविवार काय लांब आहे?

रविवारी फोन आला नाही.

आपण येऊन तसेच गेलो हे तिला कळलं आणि ती रुसली, असं मास्तरनं ठरवून टाकलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तो फोनशेजारी बसून राहिला. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच जा ना. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तुम्हा मायलेकांचा." तो तिच्यावरच खेकसला. त्याच्याही पुढच्या रविवारी मात्र त्याला राहवेना. फोनच्या वेळेपर्यंतही न थांबता तो टेकडी चढून गेला.

व्हरांड्यात आया भेटली. त्याला पाहून ती म्हणाली, "आलात? मग वॉचमन वाटेत भेटला असेल."

"कोण वॉचमन?"

आयानं तोंडावर पदर धरला. "फोन नंबर आजींनाच तेवढा पाठ, म्हणून तुमच्या घरीच पाठवलाय त्याला सायकलवरून. पहाटे गेल्या हो. झोपेतच."

आईवर पांढरी चादर घातली होती. तिची बोटं तेवढी बाहेर राहिली होती, टोकांशी सोललेली, लाल. खिडकीतल्या फडक्यावर नाणी वाळत पडली होती.

"हे काय झालं बोटांना?" मास्तरनं विचारलं.

"घासून घासून. दोन रविवार फोनपाशी उभ्या होत्या. टाकलं की नाणं परत, टाकलं की परत. मी म्हटलं, आजी, मशीन बिघडलंय. तर माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, माझ्या मुलाच्या हातचं मशीन आहे, ते चुकायचं नाही. माझीच नाणी मळकी असतील. की बसल्या घासायला. रोज घासायच्या. माझं नाणं घ्या म्हटलं, तर म्हणे, दुसऱ्याच्या पैशानं मुलाला काय बोलवायचं?"

मास्तरनं फडक्यावरचं एक नाणं उचललं, व्हरांड्यात जाऊन खाचेत सोडलं. ते खाली वाटीत खणकन पडलं. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. मग सगळं फडकंच घेऊन आला आणि एकेक टाकत राहिला. एकही आत गेलं नाही. किल्ली त्याच्या खिशात होती. एवढंसं बटण दाबून हीच नाणी शिकवली असती तर... तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

"घरी तरी कळवा," आया हळूच म्हणाली. "वॉचमनला अजून वेळ लागेल. हे घ्या, माझं नाणं नवं आहे, लगेच जातं."

ते लगेच गेलं. रविवारची सकाळ होती, नेहमीचीच वेळ. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला आणि त्याला तोंड उघडायला सवड न देता बायको म्हणाली, "आई? अहो, किती वाट पाहायला लावलीत! हे तुमच्याकडेच यायला निघालेत. बोला ना, आई."