शॉर्ट करणाऱ्या सासूबाई

मला पाहायला आल्या तेव्हा आमच्या सासूबाई शांतपणे माझं कौतुक ऐकत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "चांगलं सगळं सांगून झालं. आता वाईट काय ते तू सांग, म्हणजे ठरवायला सोपं जाईल." मी म्हटलं, "मला राग लवकर येतो." "चालेल. आमच्या ऑफिसात उपयोगी पडेल."

शनिवार पेठेत त्यांचं शेअर दलालीचं ऑफिस होतं. लग्नानंतर मीही तिथे बसू लागले. एखाद्या कंपनीबद्दल संशय आला की आई स्वतःच्या पैशानं तिचा शेअर शॉर्ट करत, म्हणजे उसना घेऊन आधी विकायचा आणि पडला की विकत घेऊन परत करायचा. पण त्याआधी का विकतोय ते ऑफिसात बसलेल्या सगळ्यांना तोंडावर सांगायच्या. "गुपचूप कशाला? चोरी थोडीच करतेय?"

पंप बनवणाऱ्या एका कंपनीवर सगळ्या पेठेचा जीव होता. आई म्हणाल्या, "गोदामं भरलेली आणि म्हणे विक्री वाढली," आणि तिचा शेअर विकला. आमचे सर्वात जुने गिऱ्हाईक जोगळेकरकाका, निवृत्त मुख्याध्यापक, भडकले. त्यांची फंडाची सगळी रक्कम त्याच शेअरात होती.

"वहिनी, दुसऱ्याच्या पडण्यावर जेवता तुम्ही. बंदीच हवी असल्या विक्रीवर."

"आणा की. मंडईतून घासाघीस करणाऱ्याला हाकललंत म्हणून वांगी ताजी होत नाहीत."

काही गिऱ्हाइकं सोडून गेली. काका राहिले, बहुधा भांडायला दुसरी जागा नव्हती म्हणून. पुढे शॉर्ट करण्याचे नियम खरोखरच कडक झाले. शॉर्ट करणारे बरेच जण बाहेर पडले आणि शंका घेणारं कोणी न उरल्यानं शेअर आणखी चढला. आईंचं नुकसान वाढत होतं. मी म्हटलं, "अहो आई, सोडा ना आता." "चुकले असेन तर पैसे जातील," त्या म्हणाल्या. "घाबरून सोडलं तर अक्कलही जाईल."

मग कंपनीच्या हिशेबातली लबाडी बाहेर आली. काका धापा टाकत ऑफिसात आले. पडद्यावर विकणाऱ्यांची ही रांग, घेणारा एखाददुसरा.

"शॉर्ट केलेल्याला कधीतरी घ्यावंच लागतं, काका. पडत्या बाजारात तोच गिऱ्हाईक असतो. त्यांनाच तुम्ही हाकललंत," आई म्हणाल्या. "आता मिळेल त्या भावाला विका." आणि उसने शेअर परत करण्यासाठीची आपली सगळी खरेदी त्यांनी तेव्हाच लावून टाकली. कोणाचे शेअर कोणाकडे गेले हे बाजार सांगत नाही, पण काकांचे विकले गेले. नुकसान झालं, तरी बरीचशी रक्कम वाचली.

मी हळूच म्हटलं, "उद्या आणखी स्वस्त मिळाले असते, आई."

"मिळाले असते. पण आम्ही सगळेच उद्यापर्यंत थांबलो, तर आज यांचे घेणार कोण?"

काका घाम पुसत म्हणाले, "तरी वहिनी, बंदी हवीच."

"हवी तर अर्ज करा. आधी चहा घ्या."

आईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या दुपारी मात्र मला रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं होतं, की या माझ्या सासूबाई आहेत. पुण्यात असलं काही कोणी करत नाही, म्हणून मी चहा टाकायला उठले.