टोपीचोराच्या वकीलबाई

ती केस आजही आठवली, की आधी स्वतःचा राग येतो आणि मग छाती फुगते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यातून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली होती. तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी मी होतो. कारखान्याच्या सुपरवायझरनेच येऊन खबर दिली, "साहेब, तो इगतपुरीकडचा हमाल संध्याकाळी मागच्या गेटपाशी बसला होता." आम्ही हमालाला अटक केली आणि तीन दिवसांची पोलीस कोठडी घेतली.

चौकशी अर्ध्या तासात आटोपली. "चोरी तूच केलीस?" "व्हय साहेब." "माल नाल्यात पुरलास?" "व्हय साहेब." पंच घेऊन नाला खणला, मग पडक्या शेडची जमीन, मग बाभळीखालची जागा. प्रत्येक ठिकाणी त्याचं 'व्हय', आणि तार कुठेच नाही. हा पोचलेला आहे, असं मी ठामपणे जाहीर केलं. तीस वर्षांच्या नोकरीचा ताठा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या कार्यालयातल्या, तिशीच्या आतल्या. फुकटचा वकील, सही करून जाईल, असं मी मनात म्हटलं. बाईंनी त्याच्याशी एकांतात बोलून घेतलं. मग माझ्यासमोर त्याला विचारलं, "या साहेबांच्या डोक्यावरची टोपीपण तूच चोरलीस का?"

त्याने माझ्या टोपीकडे नीट पाहिलं. "व्हय ताई."

ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसला. माझी कानशिलं तापली.

"साहेबाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच हा शिकलाय," बाई म्हणाल्या. "भाताच्या रोपांची आवणी तोंडावर आलीये. हा आत राहिला तर घरचं वर्षाचं भात गेलं. 'केलंस का' असं नका विचारू. 'काय पाहिलंस' ते विचारा."

विचारलं, आणि माणूस भडाभडा बोलू लागला. तो ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहत होता. समोर सुपरवायझर टेम्पोत गोण्या भरत होता. टेम्पोच्या मागच्या फळीवर सप्तशृंगीचं चित्र होतं, एका बाजूने रंग खरवडलेलं. त्या चित्रावरून आम्ही टेम्पो शोधला, टेम्पोवाल्याने मनमाडचा भंगारवाला दाखवला. तार मिळाली, सुपरवायझर आत गेला. हमालाविरुद्ध पुरावा नाही, हा अहवाल मी स्वतः लिहिला आणि वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

सुटकेच्या वेळी न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

"व्हय," तो म्हणाला. सवयीने बोलला असेल, असं मला वाटलं. पण तो थांबला नाही. "साहेब लय इचारीत व्हते, पर आयकत नव्हते."

मी उभा राहिलो आणि तक्रार खरी असल्याचं सांगितलं. त्याने आवणी गाठली. मला नोकरीत पदकं मिळाली, पण त्या कबुलीचा अभिमान त्याहून मोठा आहे.

बाई आज त्या कार्यालयाच्या प्रमुख आहेत. शिकाऊ उपनिरीक्षकांपुढे बोलायला मला बोलावणं येतं, तेव्हा मी बाईंना आग्रहाने सोबत नेतो. आधी त्या बोलतात. मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो.