शिट्टीला उभी राहिलेली पोरं

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि सुकन्या ताटावरून उठली. तोंडात घास तसाच. दोन्ही हात पाठीमागे बांधून, भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली.

"काय नाटक चाललंय गं? बस जेवायला," सत्यशीला म्हणाली.

पोरगी हलली नाही. झोपेत बोलावं तशी पुटपुटली, "आज माझा नंबर न्हाई."

"कशाचा नंबर?"

"खोलीचा."

कुकरातली वाफ बसली तशी सुकन्या वळली, ताटावर आली आणि पुन्हा भाकरी मोडू लागली. आईनं नंतर किती खोदून विचारलं, पण ती भाकरीच मोडत राहिली.

सत्यशीला मूळची शिरूर कासारची. तिचे आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जायचे आणि ती आत्याच्या घरी राहायची. निघताना आई आत्याला म्हणायची, "आता तूच हिची माय." एवढं बोलून ट्रॅक्टरवर चढायची. लेकरू एकदा असं सोपवलं की त्याची चौकशी करायची नाही. चौकशी केली तर समोरच्याचा अपमान, अशी तिकडची रीत. त्यामुळे आत्याच्या घरी आपण उपाशी झोपतो की जेवून, हे सत्यशीलाला कधी कुणी विचारलंच नाही. पुढे ती शिवण शिकली, बजरंगशी लग्न होऊन बीडला आली, घरीच ब्लाऊज शिवू लागली. बजरंग भाड्याचा टेम्पो चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. आपली पोरगी कुणाकडे टाकायची नाही, हे तिनं पहिल्यापासून ठरवलं होतं.

पण यंदा म्हातारी आई पडली, खुबा मोडला. सुकन्याला जावेकडे ठेवून तिला शिरूरला जावंच लागलं. जाण्याआधी ती सुकन्या फुटबॉल खेळायची त्या मैदानावर गेली आणि तिला शिकवणाऱ्या अभिमन्यू सरांना हात जोडून म्हणाली, "सर, आता तुमीच हिचे मायबाप." शब्द जिभेवर आपोआप आले. सर हसले, "काळजीच सोडा, ताई." आणि तिनं सोडली. महिनाभरात एकदाही सरांना फोन केला नाही.

महिन्यानं ती बीडला परतली. सुकन्या शिट्टीला ताटावरून उठली त्या दिवशी दुपार कलल्यावर पोरगी सरावाला गेली आणि सत्यशीला तिच्या मागोमाग निघाली. मैदानाच्या फाटकाशी रहिमाबीचा पेरूचा गाडा असतो.

"आलीस का गं? लई दिसांनी. पेरू घे, गोड हाय."

"चाची, सर पोरांना खोलीत कावून नेतात?"

रहिमाबीचा हात तराजूवरच थांबला. "दार लावून वजन करतेत म्हने. मी एकदा इचारलं. तर म्हनले, चाची, तुमी तुमचे पेरू तोला."

"मग?"

"मग काय, तोलले." तिनं फाटकातून आत एक नजर टाकली. "एक सांगू? ज्यांचे मायबाप सांजच्याला न्यायला येतेत, त्यांचं वजन कदी होत न्हाई. ऊसतोडीला गेलेल्यांच्याच पोरांचं होतंय. आन या महिन्यात तुझ्या पोरीचं."

सत्यशीला आत गेली. मैदानभर पोरं पळत होती, पण आवाज म्हणून नव्हता. कुणी पास मागत नव्हतं, कुणी शिवी हासडत नव्हतं. फक्त चेंडूचा धप धप आवाज.

मग शिट्टी झाली.

सगळी पोरं जागच्या जागी थांबली. हात पाठीमागे, तोंडं भिंतीकडे. चेंडू एकटाच घरंगळत बाभळीच्या काट्यांत जाऊन अडकला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सरांनी छोट्या सत्यमच्या खांद्याला बोट लावलं. तसा तो सामानाच्या खोलीकडे चालू लागला. त्याचे आईबाप कर्नाटकात उसाच्या फडात होते.

"अरे वा, ताई, कधी आलात?" सर हसत पुढे आले. "रविवारपासून पालीला, धरणाजवळ निवासी शिबिर आहे. सुकन्याला घेतलंय. पालकांना मात्र तिथं येता येणार नाही, मुलांचं लक्ष उडतं."

विचारणं म्हणजे अपमान, हे सत्यशीलाच्या हाडात मुरलं होतं. तरी तिनं विचारलं. "वजन करताना दार कावून लावता?"

"वारा येतो ना, ताई."

बाभळीचं एक पानसुद्धा हलत नव्हतं.

"सत्यम, इकडं ये," ती म्हणाली. पोरगा खोलीच्या उंबऱ्यावर थबकला, पण वळला नाही. सरांनी शिट्टी हळूच ओठांना लावली. "सुकन्या!" तिनं हाक मारली. भिंतीकडची पाठ हलली नाही. आपली हाक पोचणार नाही अशा ठिकाणी पोरगी गेली आहे, असं तिला वाटलं.

मग ती ओरडली. गावाकडे दिवेलागणीला दारात उभं राहून बाया ओरडतात, तशी. "सुकन्येऽऽ! चल गं जेवायलाऽऽ!"

फाटकातून रहिमाबीचा आवाज आला, "सत्यम! ये बाळा, पेरू खायला!"

शिट्टी वाजली. एकदा, पुन्हा एकदा. सुकन्याची पाठीमागची बोटं सुटली. ती वळली आणि धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली. त्यानंतर सत्यम उंबऱ्यावरून मागं फिरला.

सत्यशीला खोलीच्या दारात आडवी उभी राहिली आणि मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर लावला. सर फाटकाकडे निघाले, तर रहिमाबीनं गाडा आडवा घातलेला.

"सरका, चाची."

"थांबा जरा, सर. पेरू तोलतेय मी."

पोलीस सरांना घेऊन गेले, खोलीला सील लागलं. मदतीच्या नंबरवरून आलेल्या दोन बायका एकेका पोराशी हळू आवाजात बोलल्या. सत्यमच्या आईला फडात फोन लागला तेव्हा ती कितीतरी वेळ एकच म्हणत राहिली, "आमी तर त्यांनाच मायबाप म्हनलं हुतं."

सत्यशीला आता डाळ उघड्या पातेल्यात शिजवते. वेळ लागतो, लागू दे. पण शेजारच्या घरात कुकर आहेच. त्याची शिट्टी झाली की सुकन्याचा घास हवेत थांबतो. ती उठत नाही. भिंतीकडेही बघत नाही.

"आई, दार उघडं हाय ना?"

"उघडंच हाय, बाळा."

तेव्हा कुठे ती घास तोंडात घालते.