सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

हे मी बायकोसमोरही कधी बोललो नाही. तिला निम्मं माहीत आहे. उरलेलं निम्मं — तेच सांगतोय.

शिरोलीत जुन्या लेथ मशीन घेऊन विकायचा माझा धंदा. बापानं काही ठेवलं नव्हतं, सगळं माझं मी उभं केलं. सौद्यात तोंडातून एकदा आकडा गेला की तो बदलायचा नाही, ही माझी रीत. आणि तापट तर मी आहेच.

थोरला भाऊ, दादा, माझ्याकडेच राहायचा. एकटा जीव. सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय हातातली कपबशी वाजायची थांबायची नाही. माझ्या दुकानाच्या पूजेला तो सगळ्या गिऱ्हाइकांदेखत चौरंगावर कोसळला होता. ते मी विसरलो नव्हतो.

सन दोन हजारच्या आसपास गाडीवरून पडून त्याचा पाय मोडला. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ठेवला. पोरीचं लग्न नुकतंच ठरलेलं. व्याही भेटायला आले, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरनं विचारलं, "दारू वगैरे घेतात का?"

"छ्या! सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाय आमच्या दादाला."

व्याह्यांनी समाधानानं मान डोलावली. दादानं माझ्याकडं पाहिलं — आणि माझ्या शब्दासाठी गप्प बसला.

इथवर बायकोला माहीत आहे. लाजेपोटी बोललो, म्हणाल तुम्ही. पण दुसऱ्या दिवशी?

दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला, हात थाऱ्यावर राहिनात. डॉक्टरनं मला बाहेर गाठलं. पोरगेलाच होता. "काका, खरं सांगा. रोज घेणाऱ्याची एकदम बंद झाली की झटके येतात. माणूस दगावतो. आत्ता कळलं तर औषध देता येईल."

तिथं व्याही नव्हते. कुणीच नव्हतं. आणि मी — मी त्याच्यावरच ओरडलो.

"एकदा सांगितलं की! देवमाणसावर आळ घेताय व्हय?"

का? आकडा बदलायचा नाही म्हणून? की तो पूजेचा राग?

संध्याकाळी दादा चादरीवरचे किडे वेचायला लागला. चादर स्वच्छ होती. मला म्हणाला, "पावणं, माझा धाकटा भाऊ कुठं दिसला काय? तेला बोलवा की." मी समोरच उभा होतो हो! मग डोळे फिरले, दातखीळ बसली, अख्खं अंग पलंगावर आपटायला लागलं. दारू पिऊन माणूस मरतो, हे ठाऊक होतं. न पिता — असा? डॉक्टर धावत आला. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

दादा गेला. मी दवाखान्याची काच फोडली, डॉक्टरची गचांडी धरली. "माझा निर्व्यसनी भाऊ मारलासा!"

त्या पोरानं रडत हात जोडले. माफी मागितली — माझी.

आणि मी, चारचौघांत, त्याला माफ केलं.